एरंडेल चोळलेले सोंडकिडे

आत्यानं जन्मभर धान्यातले सोंडे निवडून फेकले आणि मी त्यांच्याच भाऊबंदांवर पीएच.डी. केली, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात एकमत असं कधी नव्हतंच. तांदळात किंवा गव्हात होणारा, पुढं सोंड काढून चालणारा बारीक काळा किडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं गणगोत किती मोठं आहे हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. आंब्याच्या कोयीत सोंडवाला किडा असतो, नारळाच्या खोडात असतो, वाटेवरच्या कुठल्याही झुडपाच्या पानावर असतो. मी मालेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये अंदमानच्या बेटांवर जाऊन हे किडे गोळा करते. मालेगाव म्हणजे वाशीम रस्त्यावरचं आमचं मालेगाव. तिकडं नाशकाकडं दुसरं एक आहे, त्याच्याशी आमचा संबंध नाही, हे मला तिथल्या बोटवाल्यालासुद्धा समजावून सांगावं लागलं होतं.

इथून समुद्र कुठं आणि मी कुठं, असं लोक विचारतात. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखातल्या बाईनं बेटावरचे किडे का मोजावेत? खरं सांगायचं तर मला बेटं आवडतात म्हणून. बेटावर अडकलेला किडा हजारो वर्षं आपल्यापुरताच राहतो. शेजारच्या बेटावर त्याचेच चुलते असतात, पण मधल्या पाण्यामुळं येणं-जाणं होत नाही. वेगळं निघालेल्या भावांच्या घरात दोन पिढ्यांनी भाजीची चवही बदलते, तसंच हे. एक दिवस दोघं इतके वेगळे होतात की त्यांना दोन नावं द्यावी लागतात. ते दोन आहेत की एकच, हे ठरवणं म्हणजे माझं काम.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आसेगावला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून इंझोरीला आमच्या घरी परत आली आणि मी तिच्याच कडेवर वाढले. आई-वडील गेल्यावर मी तिला मालेगावला घेऊन आले. माझं लग्न झालेलं नाही. "तुह्यं झालं नाही, माह्यं टिकलं नाही, दोघीचं जमते बरं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि स्वतःच हसते. माझा स्वभाव तापट, तिचा चिवट. जमतं ते त्यामुळंच.

आता तिच्या नावाबद्दल. तिचं पाळण्यातलं नाव मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीनं दुसरं नाव लिहून तिला दाखवलं, नवऱ्याच्या नावाला शोभेल असं. आपल्याकडं हे होतंच, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण ते नवं नावही तिला फार दिवस मिळालं नाही. आमच्या वऱ्हाडात सून ज्या गावची असेल त्या गावावरून तिला हाक मारतात, म्हणून आसेगावात ती झाली इंझोरीवाली. परत आली तर इंझोरीच्या बाया तिला आसेगाववाली म्हणू लागल्या. आमच्यासाठी ती नुसती आत्या. पहिल्या नावानं हाक मारणारी माणसं, म्हणजे तिचे आई-बाप आणि थोरला भाऊ, सगळी गेली. कागदोपत्री तिचं सासरचं नाव आहे, म्हणजे ज्या घरात ती धड राहिलीही नाही त्या घरातलं.

हे मला फार दिवसांपासून सलत होतं. तिला सलत होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत एका छोट्या बेटावर गेले. पाऊस नुकताच ओसरला होता. किनाऱ्याजवळच्या झुडपाच्या पानांवर मला एक सोंडकिडा दिसला. काळपट अंगाचा, आणि पाठीवर आडवा पिवळा पट्टा, हळदीचं बोट फिरवावं तसा. शेजारच्या मोठ्या बेटावर याच बांध्याचा एक किडा आहे, त्याचं वर्णन फार जुनं आहे, आणि त्याला असा पट्टा नाही. जुन्या संग्रहांतले त्याचे नमुने मी हाताळले होते; सगळे निव्वळ काळेकरडे. मी पानापानाला शोधत राहिले. मोजकेच मिळाले आणि नेमक्या सगळ्या माद्या निघाल्या.

हे महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं शास्त्र सांगते. अशा किड्यांत वेगळेपणाची सगळ्यात पक्की खूण नराच्या शरीरात, आतल्या बाजूला असते. नर नसेल तर बाहेरच्या खुणांवर भागवावं लागतं. मांडीवर दात आहे का, मिशांची पेरं कशी आहेत, पाठीवरच्या टणक पंखांवर खड्ड्यांच्या रांगा कशा आहेत. माझ्या किड्यांच्या पाठीवरचा पट्टा म्हणजे पिवळ्या भुकटीचा थर होता. ती भुकटी म्हणजे किड्याच्या अंगातूनच निघणारं मेणासारखं काहीतरी असतं. खड्डे त्याखाली झाकलेले. पुसून पाहावं तर पट्टाच जाणार, आणि पट्टा हीच तर नवेपणाची खूण. मोजक्या नमुन्यांतला एक पणाला लावायचा माझा जीव होईना. जे दिसत होतं ते वेगळं होतं, तेवढ्यावर मी लिहायला घेतलं.

आणि नव्या किड्याचं वर्णन जो पहिल्यांदा लिहितो त्यानंच त्याचं नाव ठेवायचं असतं. स्वतःचं ठेवत नाहीत, ते वाईट दिसतं. आत्याचं ठेवायला कुणाची हरकत नव्हती.

मी तिला सांगितलं तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"आत्या, मले एक नवीन किडा सापडला. त्याले तुह्यं नाव देऊन राह्यली मी. माहेरचं."

सूप थांबलं. "कोनता किडा?"

"सोंड्याच्याच खानदानीतला."

"माय वं!" ती म्हणाली. "जनमभर म्या ज्याले मारलं, त्याले माह्यं नाव?"

पण नंतर तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि ज्या पेटीत मी ते किडे टाचण्यांना टोचून, खाली चिठ्ठ्या लावून ठेवले होते ती पाहायला मागितली. भिंग हातात दिलं तर तिला ते धरता येईना, एक डोळा मिटताना दुसराही मिटायचा. शेवटी मी कॉम्प्युटरवर मोठा फोटो लावला. ती बराच वेळ पाहत राहिली. "हळदीची नवरी हाय वं हे तर," एवढंच बोलली.

मग काय, बातमी गल्लीत पोचायला किती वेळ लागतो! आमच्या शेजारी एक शिवणकाम करणारं मुसलमान कुटुंब राहतं. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या खाला आणि आत्या रोज दुपारी एकमेकींच्या ओट्यावर बसतात. खाला मुद्दाम पेटी पाहायला आल्या. चष्मा लावून, काचेवर नाक टेकवून त्यांनी पाहिलं आणि काळजीनं म्हणाल्या, "वो सब ठीक हाय बाई, पन कोनी चपलेनं मारला त? नाव तर इचं जाईन ना!"

"मारू दे," आत्या म्हणाली. "तितं लय हायत."

दोघी इतक्या हसल्या की खालांना पाणी द्यावं लागलं.

त्या दिवसापासून पेटी आत्याची झाली. मी कपाटातून पेटी काढली की ती विचारायची, "कशा हायत माह्या पोरी?" सगळ्या माद्या आहेत हे तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. पेटी कुठल्या खोलीत आहे, दमट तर नाही, पाल तर फिरत नाही, सगळ्यावर तिची नजर. तिच्यासाठी मी आजवर साड्या आणल्या, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, तीर्थाला नेऊन आणलं, पण असं खुलताना तिला पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हे आधीच सुचायला हवं होतं.

असं सगळं चाललेलं असताना माझ्या दुसऱ्या एका पेटीत टाचण्यांच्या खाली भुगा दिसला. वाळलेले किडे खाणारे किडे असतात, आणि ते एकदा शिरले की वर्षांचं काम फस्त करतात. मी पेट्या साफ केल्या, डांबरगोळ्या बदलल्या, आणि जेवताना वैतागून बोलून गेले की आता सगळ्याच पेट्यांना कीड लागणार. दुसऱ्या दिवशी मला पेपर तपासायला अमरावतीला जायचं होतं. चांगली दोन-तीन दिवसांची ड्यूटी होती. मी गेले.

परत आले तर कपाट उघडताच वास आला. डांबरगोळ्यांचा नाही. ओळखीचा वास, लहानपणीचा, पण इथं न शोभणारा. मी पेटी उजेडात नेली. माझे सगळे पिवळ्या पट्ट्याचे किडे काळेभोर होऊन चकाकत होते.

"आत्या!"

ती आतून आली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, समाधान होतं. ते पाहून मला आणखीच राग आला.

"काय केलं वं हे?"

"एरंडेल लावलं. हलक्या हातानं. एक टाचनी हालू देली नाही म्या, पाह्य तू. चिठ्ठ्या बी जागच्या जागी हायत."

आमच्याकडं तुरीची डाळ वर्षभर ठेवायची असली की तिला एरंडेल चोळतात. तेलकट दाण्याला कीड तोंड लावत नाही. आत्याच्या डाळीला उभ्या आयुष्यात कधी कीड लागलेली नाही, हे गल्लीतलं कुणीही सांगेल. बोटाच्या टोकावर तेल घेऊन तिनं एकेका किड्याची पाठ, पोट, पाय असं सगळं निगुतीनं माखलं होतं. अशा थरथरत्या हातांनी तिनं ते कसं केलं असेल कोण जाणे. माझ्याच्यानं एखादी मिशी तरी मोडली असती.

"तुले कोनं सांगतलं होतं?" मी ओरडले. "पट्टा गेला ना सगळा! त्याच्यावरच तर सगळं होतं!"

"पट्टा गेला?" ती म्हणाली. मग पेटीत वाकून पाहिलं. चेहऱ्यावरचं समाधान उतरत गेलं ते मी पाहिलं, आणि माझा राग तिथंच विझला. मला नुसतं वाईट वाटायला लागलं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्हंजे म्याच बुडवलं."

"नाही बुडवलं. धुता येते," मी म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. रंगीत भुकटीचे फोटो माझ्याकडं होतेच. तेल काढलं की नमुने ठीक होतील आणि काम पुढं जाईल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून मी एकेक किडा तेल विरघळवणाऱ्या द्रवात बुडवला. तेल निघालं. तेलाबरोबर उरलीसुरली भुकटीही निघाली, कारण मेणच ते, त्याच द्रवात विरघळणार. किडे वाळल्यावर मी एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याची उघडी पाठ मला दिसली.

खड्ड्यांच्या रांगा. दोन रांगांमधली ती बारीक कड. पंखांच्या टोकाशी जराशी दबलेली जागा. मी हे सगळं आधी पाहिलेलं होतं. शेजारच्या बेटावरच्या किड्याच्या पाठीवर. त्याचे फोटो काढून मी शेजारी लावले आणि एकेक खूण ताडून पाहत गेले. दुसरा किडा घेतला. तिसरा घेतला. फरक सापडावा म्हणून मी इतका आटापिटा केला की मान अवघडली. फरक नव्हता.

मग सगळं जुळत गेलं. मी गेले होते पाऊस ओसरल्यावर लगेच, म्हणजे किडे नुकतेच कोषातून बाहेर आलेले. अंगावरची भुकटी ताजी. पानाफांद्यांवर घासून ती पुढं झडून जात असणार. जुन्या संग्रहातले किडे ज्यांनी कुणी पकडले, ते उशिरा आले असणार आणि त्यांना झडलेले, करडे किडे मिळाले. बेट वेगळं होतं, किडा तोच. त्याला नाव होतं, फार जुनं, आणि आमच्या शास्त्रात जुनं नाव असेल तर नव्याला जागा नसते.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी रडले. नवा किडा हुकला त्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे होतं की आता घरी जाऊन तिला काय सांगायचं. आयुष्यात एकदा तिच्यासाठी काहीतरी धड करायला गेले आणि तेही असं झालं.

आणि मग तो विचार आला. फोटो उत्तम होते. पिवळा पट्टा लख्ख दिसत होता. लेख तयार होता. उघडी पाठ मी पाहिली होती, दुसऱ्या कुणी नाही. नमुने खराब झाले, तेल लागलं, हे खरंच होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. लेख पाठवला असता तर छापून आला असता, आणि कुणीतरी पुन्हा त्या बेटावर जाऊन, नर शोधून, खोडून काढेपर्यंत आत्याचं उरलेलं आयुष्य सहज निघून गेलं असतं. मरेपर्यंत तिला तिच्या पोरी राहिल्या असत्या. मी हा विचार बसमध्ये केला, घराच्या पायऱ्या चढताना केला, आणि घरात शिरले तेव्हाही करतच होते.

आत्या तिच्या जागेवर बसली होती. पुढ्यात काही निवडायला नव्हतं. तिला असं रिकाम्या हातानं बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

"धुतले?"

"धुतले."

"मंग?"

खोटं बोलायचं ठरवून आलेलं असलं तरी तिच्यासमोर ते जमत नाही, लहानपणीही जमलं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. हा किडा नवा नाही. शेजारच्या बेटावरचाच आहे. त्याला आधीच नाव आहे.

"तेलानं झालं?"

"तेलानं नाही वं. तो आधीपासूनच तोच होता. तेल धुतलं तवा मले दिसलं." मग धीर करून पुढचंही बोलले. "पन आत्या, फोटो चांगले हायत. तसंच छापलं त कोनाले समजनार नाही. लय वर्स नाही समजनार. तुह्यं नाव राहीन."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "अन् समजलं मंग?"

"मंग तुह्यं नाव बाजूले काढतीन. जुनं हाय तेच लावतीन."

"असा कायदा हाय तुमच्यात? पह्यलं नाव तेच खरं?"

"हाय. पह्यलं ठेवलं ते राह्यते. मागून कोनी दुसरं ठेवलं त ते रद्द."

बाहेरून खालांच्या घरातल्या मशीनचा आवाज येत होता. आत्या तो ऐकत बसली आहे असं वाटलं. मग म्हणाली, "लय बरा कायदा हाय वं." आणि थोड्या वेळानं, "किड्यायले हाय."

मी तिच्याकडं वळले.

"तू त्याले माह्यं नाव नको देऊ," ती म्हणाली. "त्याले त्याचं हाय ना? मले तांदळात बोट फिरवून दुसरं दाखवलं, तवा कोनं इचारलं नाही का पोरी, तुले पह्यलं हाय ना म्हनून. म्या बी मान हालवली. काय करतो? पन चांगलं नाही वाटलं माय. कोनाले सांगतलं नाही, पन नाही वाटलं. तू त्या किड्याले तसं नको करू."

इतकी वर्षं मी जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर हे होतं. तिला सलत होतं. माझ्याहून किती तरी जास्त सलत होतं, आणि ते घेऊन तिनं आसेगावचा संसार केला, इंझोरीत भावाची पोरं वाढवली, मालेगावात माझ्या डाळी निवडल्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या हाताला अजून एरंडेलाचा वास होता. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उठ आता, भूक लागली असन."

पुढं मी छोटंसं टिपण लिहिलं. अमुक नावाचा सोंडकिडा या बेटावरही आहे, आणि नवा बाहेर पडलेला असताना त्याच्या पाठीवर पिवळा पट्टा असतो, एवढंच. चिठ्ठ्यांवर जुनं नाव घातलं. आत्यानं खालांना स्वतःच सांगून टाकलं की किडा दुसऱ्याच कुणाचा निघाला. खालांनी "चलो, चपलेची फिकर गेली" असं म्हटलं, आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

माझ्यापुरता मिटला नव्हता. एक दिवस कॉलेजातून आले, दारात चपला काढल्या आणि तिथूनच तिला हाक मारली. नेहमीसारखी नुसती आत्या म्हणून नाही. तिचं पाळण्यातलं नाव, आणि त्याला जोडून आत्या. आतून काही उत्तर आलं नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं.

ती ओले हात झटकत बाहेर आली, आणि माझ्याकडं न पाहता माझ्या पाठीमागं, रस्त्याकडं पाहू लागली.

"कोन आलं वं? कोनाले बोलावून राह्यली?"

"तुले," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, हातातून पाणी गळत होतं. मी तिसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा तिनं ओ दिली.